बूड टेकून ब्रह्मांड

माणसाची मान खाली बघायला केलेली आहे. ताट, पाटी, पत्ते, पायातला काटा आणि आता मोबाईल, ही सगळी नाकाच्या खालची कामं. वर बघायची वेळ तिच्यावर क्वचित येते. कौल फुटून गळायला लागलं, नारळवाला झाडावर चढला किंवा देवळाच्या कळसाला हात जोडायचे झाले, तर. तेवढं ती तक्रार न करता करते. पण घरात कुणाला आकाशदर्शनाचा नाद लागला की दर अमावास्येला तीच मान दोन-दोन तास मागे मोडून धरली जाते आणि दुसऱ्या दिवशी घरभर बामचा वास सुटतो. खगोलशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा वास दिलेला नाही.

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात असे बाम लावलेले लोक अधूनमधून भेटतात. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, कुणाचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप. मी त्यांच्यात टॉर्च धरण्याच्या कामाचा. सुरुवात सगळ्यांची सारखीच. आधी एक छोटी विकतची दुर्बीण येते. तिचे तीन पाय इतके बारीक, की शेजारच्याने दार लोटलं तरी गुरू थरथरतो. मग एक दिवस तो माणूस जाहीर करतो, "घरीच बांधायची. मोठी." त्या दिवसापासून त्याच्या तोंडी फक्त इंच. आठ इंची, बारा इंची, सोळा इंची. निपाणीत तंबाखूच्या बोलीला बसलेले व्यापारी आकडा इतक्या सहज चढवत नसतील. डोळा कुठे लावायचा, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा ऐकला राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर. निवडणुकीचे दिवस होते, सगळ्या गाड्या तपासत होते, आणि आमच्या टपावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला पुरुषभर उंचीचा नळा. चादर सोडून दाखवली. हवालदाराने नळ्याला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बघायचं कुठनं?" वरच्या टोकाजवळचं भोक दाखवलं. त्याने डोक्यावर हात नेऊन उंची मापली, मग आमच्यातल्या बुटक्या प्राध्यापकांकडे बघितलं. "मग खुर्ची कुठाय?" दिवसभर उभं राहण्याची ड्यूटी करणाऱ्या माणसाला जे क्षणात कळलं, ते पदार्थविज्ञानाच्या द्विपदवीधरांना तोवर कळलं नव्हतं. गाडीत सगळे एकदम गप्प झाले.

गोष्ट अशी आहे. घरी बांधायची मोठी दुर्बीण म्हणजे बहुतेक वेळा न्यूटनच्या पद्धतीची. आरसा नळ्याच्या बुडाशी. तो वरून आलेला प्रकाश गोळा करून परत वर पाठवतो, तोंडाजवळ बसवलेला छोटा तिरका आरसा त्याला बाजूला वळवतो आणि तिथल्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, आपण डोळा लावतो. म्हणजे बघण्याची जागा नळ्याच्या वरच्या टोकाला. नळा किती लांब, हे आरशाच्या फोकल लेंथवर, म्हणजे प्रकाश आरशापासून किती अंतरावर एकवटतो त्यावर ठरतं. बारा इंची आरसा आणि फोकल लेंथ व्यासाच्या पाचपट धरली, तर ती झाली साठ इंच. दुर्बीण सरळ डोक्यावर रोखली की आयपीस जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर येते. ही उंची मोठी लबाड आहे. उभं राहिलं तर वाकावं लागतं, बसलं तर पोचत नाही. लग्नाच्या बुफेत ताट हातात धरून जेवताना जी अवस्था होते, तीच.

सोळा इंची साडेचारपट घेतली तर आयपीस साडेपाच फुटांच्या वर. वीस इंची पाचपट घेतली तर जवळजवळ आठ फूट, म्हणजे शिडी. शिडी, अंधार, दवाने ओल्या झालेल्या पायऱ्या आणि साठी उलटलेला निरीक्षक. शनीची साडेसाती पत्रिकेत शोधायची गरज उरत नाही.

आमच्या मंडळींनी याआधी जी पुस्तकं वाचली होती ती सगळी इंग्लंड-अमेरिकेतली. त्यांचा एक दोष कुणी सांगत नाही : ती त्यांच्या मानांसाठी लिहिलेली असतात. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. तिथे गुरू-शनी दक्षिणेला खालच्या अंगाने जातात. नळा तिरका ठेवायचा, फार वर जायचा प्रश्न नाही. बेळगाव आहे सोळा अंशांच्या किंचित आत. ध्रुवतारा इथे क्षितिजावर जेमतेम सोळा अंश, समोर एखादा मजला चढला की गायब. आणि चंद्र, ग्रह निघतात थेट टाळूवरून. खुद्द सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. पैकी ऑगस्टचा प्रसंग बेळगावात आजवर कुणी बघितला असेल असं वाटत नाही. त्या आठवड्यात सूर्य आहे हे पंचांगावरून कळतं. तर परदेशी पुस्तकात "क्वचित लागणारी स्थिती" म्हणून जी उंची दिलेली असते, ती आमची रोजची. इथल्या दुर्बिणीला आधी डोक्यावर बघता आलं पाहिजे, आणि तेही बसून.

शिवाय आमचं दक्षिणेचं आकाश मोकळं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा जबरदस्त गुच्छ लंडनवाल्यांना जन्मात दिसत नाही, आम्हाला तो सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंत वर येतो. पण तेव्हा नळा आडवा होतो, आयपीस खाली येते आणि माणसाला गुडघ्यावर बसावं लागतं. एकाच रात्री गुरूला शिडी आणि सेंटॉरीला साष्टांग. देवापुढेही एवढे उठाबशांचे प्रकार नाहीत.

हे दुखणं नवं नाही. विल्यम हर्शलने १७८९ साली चाळीस फुटी दुर्बीण उभी केली, तेव्हा तिला चढायला माच्या आणि शिड्या असा अख्खा सांगाडाच बांधावा लागला. त्या घरात दुर्बिणीचा खरा त्रास सोसला तो त्याच्या बहिणीने. हर्शल आरसा पॉलिश करायला बसला की हात काढता यायचा नाही, सोळा-सोळा तास. मग कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवायची आणि शेजारी बसून गोष्टी वाचून दाखवायची. १७८३च्या ३१ डिसेंबरला अंधारात, बर्फात धावताना ती दुर्बिणीच्या यंत्रणेतल्या लोखंडी आकड्यावर पडली आणि मांडीत आकडा घुसला. ही गोष्ट मी आमच्यातल्या एकाच्या बायकोला सांगितली. ती म्हणाली, "आकडा सोडा. पण घास भरवायचा? स्वप्नात बगा म्हणावं."

खुर्चीची अक्कल आली जेम्स नॅस्मिथला. वाफेवर चालणारा हातोडा शोधून काढणारा हा कारखानदार. म्हणजे आमच्या उद्यमबागेच्या जातकुळीतला. त्याने १८४०च्या दशकात वीस इंची दुर्बीण केली आणि प्रकाश फिरवून नळ्याच्या आसातूनच बाजूला काढला. तोफ ज्या खुंट्यांवर वर-खाली होते ना, तिथून. नळा कितीही वर-खाली करा, आयपीस जागच्या जागी. मग सगळी दुर्बीण एका फिरत्या चकतीवर ठेवली आणि त्याच चकतीवर स्वतःची खुर्ची ठोकली. बसल्या जागी दोन चाकं फिरवायची. आकाश त्याच्याकडे चालत यायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून निवृत्त होऊन तो चंद्र बघत बसला. याच नॅस्मिथची आणखी एक हकीकत आहे. हातात दुर्बीण घेऊन तो रात्री लांब पांढरा झगा घालून बागेतून हिंडायचा. शेजारच्या कालव्यातल्या नावाड्याने ते पाहिलं आणि गावभर सांगितलं, की शवपेटी कवेत घेऊन भूत फिरतंय. कोगनोळीला आमची पांढरी चादर बघून कुणी तसं म्हणालं नाही, हा सीमाभागाचा समंजसपणा.

नॅस्मिथची युक्ती उत्तम, पण त्यात एक आरसा वाढतो, प्रकाश थोडा मरतो आणि सुतारकाम फार वाढतं. आमच्यासाठी मार्ग काढला तो एका संन्याशाने, आणि त्या मार्गाचा एक धागा आमच्या बेळगावातून जातो. तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१८९२च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले. कोल्हापूरहून. आधी वकील भाट्यांच्या घरी, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे किल्ल्यात. बारा दिवस मुक्काम. भाट्यांच्या मुलाने पुढे आठवणी लिहिल्या. त्यात स्वामींनी जेवणानंतर पान-सुपारी आणि मग तंबाखूही मागितल्याचं, आणि संन्याशाने तंबाखू मागावी याचं घरच्यांना नवल वाटल्याचं लिहिलेलं आहे. ती तंबाखू निपाणीची होती, असा पुरावा नाही. निपाणीकरांना तो लागतही नाही. स्वामी पुढच्या वर्षी शिकागोला गेले, १९०० साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्त सोसायटी काढली, आणि १९४४ साली तिथल्या मठात जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर दाखल झाला. याला आकाशाचं वेड. जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच मिळवून त्याने बारा इंची आरसा घासला. पैसा नव्हताच. नळा काँक्रीटचे खांब ओतायच्या पुठ्ठ्याच्या साच्याचा, बैठक प्लायवूडच्या खोक्याची. दुर्बीण मठाबाहेर ढकलत न्यायची आणि आळीतल्या पोरांना चंद्र दाखवायचा. मठात याची कुरबुर झाली आणि १९६७ साली त्याला बाहेर काढलं. १९६७ म्हणजे आमच्याकडे सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला ते साल. त्या वर्षी कुणाचंच बरं झालेलं दिसत नाही. पण डॉब्सनने पुढल्या वर्षी फुटपाथवर दुर्बिणी मांडणाऱ्यांचा संघ काढला, पेटंट घेतलं नाही, आणि २०१४ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला तोवर जगभरच्या सुतारांना त्याचं खोकं पाठ झालं होतं.

या खोक्यातली गंमत अशी, की त्यात एकही बॉल बेअरिंग नाही. सनमायकाच्या तक्त्यावर टेफ्लॉनचे तुकडे, बस्स. त्यावर नळा बोटाने ढकलला की सरकतो आणि बोट काढलं की तिथेच थांबतो. सनमायका कुठेही मिळतो, आणि बेळगाव हायड्रॉलिक्सचं गाव असल्याने टेफ्लॉन मागितल्यावर दुकानदार "कशाला?" एवढंच विचारतो. बारा इंची, दोन इंच जाडीची काच नऊ किलोच्या आसपास भरते. ती खाली असल्याने सगळा भार बुडाशी. वर जड आयपीस लावली की नळा नाक खाली घालतो. त्यावर आमच्याकडे किराणा दुकानातलं जुनं एक किलोचं लोखंडी वजन चुंबकाने बुडाला चिकटवलेलं आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली दुर्बीण दुसरीकडे नसेल.

आता मानेचा हिशेब. तो मांडला सुतारमामांनी. यांना शनी-गुरूशी देणंघेणं नाही. यांची हयात देव्हारे आणि दिवाणांत गेली. कागदावरचं चित्र बघून ते म्हणाले, "उंची आरशाची सांगू नगासा. बसणाऱ्याची सांगा." मग घरातली माणसं एकेक करून खुर्चीवर बसवली, पाठ भिंतीला, आणि प्रत्येकाच्या डोळ्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण केली. प्राध्यापक, त्यांची बायको, मुलगा, सासूबाई. भिंतीवर खुणांची शिडी झाली. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची यांच्यामध्ये एक वीत. "डोळा हितं येणार," मामांनी मधोमध आडवी रेघ मारली, जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास, "आता ह्येच्यात बसंल असा आरसा आणा."

उलटं गणित केलं. बारा इंच कायम ठेवून, फोकल लेंथ पाचपटीवरून चारपटीवर आणली तर साठाचे अठ्ठेचाळीस इंच होतात आणि डोक्यावर रोखलेल्या नळ्याची आयपीस बरोबर त्या रेघेवर येते. म्हणजे सर्वांत उंच स्थितीला साधी खुर्चीची उंची. तिथून नळा जसजसा कलेल तसतसं खाली. ओमेगा सेंटॉरीला आयपीस अडीच फुटांवर, पाटावर बसायचं. गुडघे टेकायचं काम नाही.

पण आराम फुकट मिळत नाही. एकाचा त्रास वाचला की तो दुसऱ्याच्या बोकांडी बसतो. इथे तो बसला आरसा घासणाऱ्याच्या मनगटावर. पाचपटीचा आरसा मध्यभागी पावणेचार-चार मिलिमीटर खोल खणायचा, चारपटीचा पावणेपाच. वाढला एखादा मिलिमीटर. पण तो कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून काचेवर काच घासत काढायचा असतो, पिंपाभोवती फेऱ्या मारत. आधी ऐंशी नंबरची जाड भुकटी, मग बारीक, आणखी बारीक, शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साईड. पृष्ठभागात चूक चालते ती मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढी. ती तपासायला फूकोने १८५८ साली सांगितलेली युक्ती अजून पुरते : एक दिवा, एक ब्लेड आणि भरपूर चिकाटी. पुण्याला आयुकात शाळेच्या मुलांना हे शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या आहेत, आणि १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था तिथे आहेच, त्यामुळे अडलं की इकडचे लोक पुण्याची गाडी पकडतात. पुण्याचा मान जुनाही आहे. तिथल्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक नायगमवालांनी १८८८ साली वेधशाळा उभी केली आणि तिची वीस इंची दुर्बीण पुढे कितीतरी वर्षं देशातली सर्वांत मोठी होती.

चारपटीचा दुसरा दंड म्हणजे कडेचे तारे शेपट्या काढतात. मधला तारा टिंबासारखा, कडेचे सगळे शेंडीवाले. त्यावर वेगळं भिंग मिळतं, ते महाग. आमच्या बँकवाल्यांनी तोडगा काढला : "मध्येच बगायचं. कडेला कशाला बगतासा?"

राहिली खुर्ची. परदेशात निरीक्षणाच्या खास खुर्च्या मिळतात. दोन तिरके पाय, त्यावर खाचा, खाचेत अडकवायची बैठक. मामांनी ते चित्र बघून "ही आमची घडवंची" म्हणून निकाल दिला आणि जुन्या सागवानी घडवंचीला चार खाचा पाडल्या. लेथवाल्यांनी अडकवायला दोन खुंट्या कातून दिल्या. सर्वांत खालची खाच पाटाची, वरची खुर्चीची. बसून बघण्यातला फरक पहिल्याच रात्री कळला. उभा माणूस डुलत असतो, त्याचं त्यालाच कळत नाही. बूड टेकलं की डोळा स्थिर होतो आणि गुरूवर दोन पट्ट्यांच्या जागी पाच दिसायला लागतात. एक इंच मोठा आरसा घेण्यापेक्षा ही घडवंची स्वस्त पडली.

उद्घाटन निपाणीच्या बाहेर, एका मळ्यात. बेळगावात दिव्यांचा उजेड, साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कुठूनतरी काजळी येतेच, पण स्तवनिधीचा घाट आड आला की आकाश बरं असतं. अर्जुननगरला देवचंद कॉलेजात शिकणारी पोरं आली. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, त्यामुळे राज्य ओलांडून शनी बघायला येण्याचं त्यांना अप्रूप नव्हतं. रात्रीची वीज आली म्हणून पाणी पाजायला निघालेले शेतकरी खांद्यावर खोरं घेऊन रांगेत उभे राहिले. रांगेचा नियम सोपा होता. दुर्बिणीला मोटार नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे दीडशेपट मोठं करून बघताना शनी सव्वा मिनिटात चौकटीबाहेर जातो. शनी गेला की उठायचं. भांडणाला जागाच नाही.

मळ्याच्या मालकाची आजी पहिल्या मानाची. बसायच्या आधी तिने एक शंका काढली. "व्हय रं, आपुन त्येला बघतोय म्हंजे त्यो बी आपल्याला बघतोय न्हवं?" शनीची दृष्ट ही काही साधी बाब नाही. प्राध्यापकांनी प्रकाश, अंतर, एक तास वीस मिनिटं वगैरे सुरू केलं. ते अर्ध्यावर तोडून मामा म्हणाले, "म्हातारे, त्यो लांब हाय. तुला वळकणार न्हाई." हे पटलं. आजी घडवंचीवर बसली, डोळा लावला, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"दिसला?"

"दिसला की. कमरंला करदोडा हाय."

सव्वा मिनिट झालं. दोन झाली. पाच झाली. शनी जायला हवा होता. रांग चुळबुळायला लागली. मी टॉर्चवर लाल कागद लावून जवळ जाऊन बघितलं, तर आजीचा उजवा हात नळ्यावर. एका बोटाने ती नळा हळूच ढकलत होती, शनी सरकेल तसा. कुणी शिकवलं नव्हतं. टेफ्लॉन उत्तम लागलं होतं, तोल अचूक होता, उंची तिच्याच डोळ्याची होती, बैठक मऊ होती; तिने उठावं असं एकही कारण आमच्या सुतारकामात शिल्लक राहिलं नव्हतं.

मागे सल्लामसलत सुरू झाली. लेथवाले म्हणाले, रांगेच्या दिवशी खुर्ची नकोच, शिडी ठेवा. शिडीवर कोण किती वेळ थांबतोय? प्राध्यापकांचं मत पडलं की खुर्ची राहू दे पण खाच मुद्दाम एक खाली लावा. बँकवाले व्यवहारी. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उशी तेवढी काढून घ्या. आपोआप उठतील."

ते आजीने ऐकलं. डोळा न काढता म्हणाली, "उशी माझ्या घरची हाय. आन् फुडच्या येळंला पाठीला टेकू करून आना."

मामांनी खिशातून टेप काढला आणि तिच्या पाठीचं माप घेतलं.